एक घर सरकलेला पत्ता

सोमवारी सकाळी दुरुस्तीवाल्या देवानंदनं कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आत काहीतरी घरघरलं, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या तीन-चार ओळी उमटल्या आणि गाडी तिथंच अडली. नरहरीभाऊ कापगत्यांनी चष्मा नाकावर खाली-वर करत त्या ओळी वाचल्या. इंग्रजी अगदी सरकारी होतं: अमुक नावाची फाइल गहाळ आहे किंवा खराब झाली आहे, सबब विंडोज सुरू करता येत नाही, सदर फाइल पुन्हा टाकावी. तेहतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला फाइल गहाळ झाल्याचं काय कौतुक? पण या वेळी त्यांनी त्या ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. या यंत्रात दोनशे अकरा पोरापोरींची नावं अडकली होती, आणि दोनशे बारावं नाव त्यांच्या स्वतःच्या लेकीचं होतं.

हे यंत्र त्यांच्या घरी कसं आलं तेही सांगितलं पाहिजे. भिलाईत विदर्भाकडच्या लोकांचं एक मंडळ होतं. गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू एवढं आटोपलं की बाकीचं वर्ष आपसात भांडायला मोकळे. पण एक काम त्यांच्याकडून खरोखरचं व्हायचं, आणि ते म्हणजे दर तीन वर्षांनी भरणारा वधू-वर मेळावा. त्यासाठी दुर्ग, नंदिनी, राजनांदगाव, पार डोंगरगडपासून माणसं यायची. मेळाव्याआधी एक पुस्तिका छापायची, तिच्यात नाव, शिक्षण, नोकरी, रास, उंची, अपेक्षा आणि फोटो. मागच्या खेपेला हाताने लिहिलेल्या यादीत एका पोराची उंची एका पोरीला लागली आणि पाच फूट अकरा इंचांची नवरी पाहायला बालाघाटहून जीपभर माणसं आली. बिचारी पोरगी दाराच्या कडीएवढी. त्या दिवसापासून नरहरीभाऊ हट्टाला पेटले की पुढची यादी कॉम्प्युटरवरच होईल. एका ठेकेदाराच्या ऑफिसातून उतरलेलं यंत्र त्यांनी मंडळासाठी मिळवलं. मंडळाच्या खोलीत उंदीर फार, म्हणून ते ठेवलं सेक्टर सहामधल्या घरात, बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी.

मार्चअखेरपर्यंत फॉर्म आले. नरहरीभाऊ एकेक फॉर्म वाचून दाखवायचे आणि कमलिनी, त्यांची लेक, सुटीच्या दिवशी बसून टाइप करायची. दोघांनी दोनदा ताळा केला. मग प्रश्न आला कागदांचा. दोनशे अकरा फॉर्म, प्रत्येकाला टाचलेली पत्रिका, पत्रिकेवर गणपती आणि हळदीकुंकवाची बोटं. हे रद्दीत द्यायचं? नरहरीभाऊंच्या बायकोनं, सिंधुताईंनी, साफ सांगितलं की कुणाच्या लेकीची कुंडली सुपेल्याच्या भजेवाल्याच्या पुडीत गेलेली मला चालणार नाही. चैत्री पुनवेला त्यांनी सगळा गठ्ठा नव्या कापडात बांधला, वर फूल ठेवलं, आणि दुर्गला जाऊन शिवनाथ नदीत सोडला. स्कूटरवर नेलं ते नरहरीभाऊंनीच. दोघं नवराबायको हात जोडून उभे राहिले, मोठं पुण्य केल्यासारखे. दुसऱ्या कोणी असले कागद कपाटात टाकून ठेवले असते, पण आपल्या लोकांना विसर्जनाशिवाय काही सुचेल तर शपथ. मागे राहिले ते फक्त फोटो, आणि फोटोंच्या पाठीवर नावं नव्हती, नंबर होते.

कमलिनीचं मात्र निराळं होतं. तिचा फॉर्म कागदावर कधी झालाच नव्हता. सात वर्षांपूर्वी तिचा नवरा काविळीनं गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. तो स्टील प्लांटमध्ये होता, म्हणून त्याच्या जागी तिला अनुकंपेवर क्लार्कची नोकरी लागली, तिच्या नावावर क्वार्टर मिळालं, आणि रिटायर झालेले आईबाप तिच्याकडे राहायला आले. जन्मभर दुसऱ्यांना क्वार्टरं वाटणारा माणूस शेवटी लेकीच्या क्वार्टरात राहायला आला, असं नरहरीभाऊ स्वतःच हसून सांगायचे. पण दुसऱ्या लग्नाचा विषय त्यांनी कधी हसण्यावारी नेला नाही. संक्रांतीला विचारलं, पाडव्याला विचारलं, वरण वाढता वाढता विचारलं. ती उठून आत जायची. यंदा फेब्रुवारीत एका रविवारी टाइप करता करता ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली की घातलं मी माझं नाव, फोटो शेवटी देईन, आता पुस्तिका छापून येईपर्यंत पाहायचंही नाही आणि विचारायचंही नाही, नाहीतर काढून टाकीन. त्या दिवशी नरहरीभाऊंनी सिंधुताईंना बाजूला घेऊन सांगितलं आणि दोघांनी देवापुढे साखर ठेवली. त्यानंतर त्यांनी शब्द पाळला. एकदाही पाहिलं नाही, एकदाही विचारलं नाही, आणि तो जन्मातला सगळ्यात अवघड उपास होता.

आणि आता हे. एप्रिलमध्ये डिस्क खट-खट वाजायला लागली तेव्हा नरहरीभाऊंनी सुपेल्याच्या चौकात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या देवानंदला बोलावलं. माणूस भंडाऱ्याकडचा, चाळिशीचा, हुशार, फक्त घाईत. त्याचं एक पाऊल नेहमी दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या घराकडे असायचं. त्यानं जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली. तिला तो इमेज म्हणायचा. मग नवी मोठी डिस्क आणून त्यावर ती इमेज उतरवली. दुकानातल्या यंत्रात जागा कमी म्हणून तिकडची इमेज पुसून टाकली. जुनी डिस्क तर त्याच संध्याकाळी कायमची बसली. म्हणजे जगात ती यादी आता एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण म्हणत होतं की फाइल गहाळ आहे.

देवानंदनं दोनदा बंद-चालू करून पाहिलं, डोकं खाजवलं, आणि निकाल दिला की इमेज खराब उतरली. बुधवारी चार वाजता सीडी घेऊन येतो, सगळं फॉरमॅट करून नवं विंडोज टाकून देतो, यादी तेवढी पुन्हा भरून घ्या. तेव्हा कमलिनी ऑफिसला निघायच्या तयारीत दारात उभी होती. तिनं पडद्याकडे एकदा पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि चपला घालायला वाकली.

"जाऊ द्या ना, बाबा," ती म्हणाली. "होऊन जाऊ द्या फॉरमॅट. लोक भरतील परत."

नरहरीभाऊंना तो आवाज आवडला नाही. त्यात दुःख नव्हतं, सुटका होती. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळे परत भरतील, पण ही भरणार नाही. ज्या पोरीनं सात वर्षांनी एकदा होकार दिला ती दुसऱ्यांदा काही देत नाही. दिवसभर त्यांना जेवण गेलं नाही. सिंधुताई तर स्वयंपाकघरात स्वतःलाच बोल लावत बसल्या होत्या, की कुठून मला ती नदी आठवली, चांगले कागद कपाटात पडले असते तर कोणाचं काय बिघडलं असतं.

मंगळवारी दुपारी, डोक्याला गमछा बांधून, नरहरीभाऊ सुपेल्याला देवानंदच्या दुकानात जाऊन बसले. कॉम्प्युटरातलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण बिघडलेलं काम कसं तपासायचं ते कळत होतं. नोकरीत त्यांची एकच पद्धत होती: माणसाला निष्कर्ष विचारायचा नाही, काय काय केलं ते क्रमानं विचारायचं. चूक करणारा स्वतःची चूक कधी लपवत नाही, तो तिला महत्त्व देत नाही एवढंच. त्यांनी देवानंदला सांगितलं की पहिल्या पेचापासून सांग, काही गाळू नको. देवानंद गिऱ्हाइकं सांभाळत, हिंदीत फोन घेत, मध्ये मध्ये सांगत होता. डिस्क काढली, इमेज काढली, नवी डिस्क बसवली, तिचे दोन भाग केले.

दोन कशाला, नरहरीभाऊंनी विचारलं, आमच्या जुन्या डिस्कला तर एकच होता. देवानंद म्हणाला की ती माझी सवय आहे काकाजी, मी प्रत्येक डिस्कला एक छोटा भाग काढून ठेवतो, माझ्या अवजारांसाठी, पुढे कधी दुरुस्तीला कामी येतो. आणि तो भाग कुठं काढला? सुरुवातीला, देवानंद म्हणाला, पहिला माझा, त्याच्यामागे तुमचा.

 चहा आला तो तसाच थंड झाला, कारण नरहरीभाऊंच्या डोळ्यांपुढे एकसष्ट सालची जानरावची चाळ उभी राहिली होती.

तेव्हा ते साकोलीकडून नोकरी शोधायला आले होते आणि याच सुपेल्यात, जानराव नावाच्या माणसाच्या अकरा खोल्यांच्या चाळीत, तीन नंबरच्या खोलीत राहत होते. अर्जावर तोच पत्ता दिला होता. मधल्या काळात जानरावनं चाळीच्या तोंडाला पानठेल्यासाठी एक नवी खोली बांधली आणि हौसेनं तिला एक नंबर दिला. झालं, सगळ्यांचे नंबर एकानं पुढे सरकले. नरहरीभाऊ झाले चार, आणि तीन नंबरात आला शेजारचा शिंपी. नोकरीचं बोलावणं आलं ते तीन नंबरात. शिंपी म्हणाला की बापा, इथं कोणी नरहरी राहत नाही. पोस्टमननं पाकिटावर ‘घेणारा इथे राहत नाही’ असा शेरा मारला आणि पत्र परत. आणि घेणारा कुठं होता? भिंतीपलीकडे, दाढी करत होता. शिंप्याच्या बायकोनं दोन दिवसांनी सहज बोलता बोलता सांगितलं म्हणून, नाहीतर नरहरीभाऊ परत साकोलीला जाऊन धान लावत बसले असते. पोस्टमननं खोटं लिहिलं नव्हतं. त्यानं ज्या दारावर टकटक केलं तिथं खरंच कोणी नरहरी राहत नव्हता.

त्यांनी देवानंदला विचारून पाहिलं की तुझं यंत्र चुकीच्या दारावर जाऊन तर पाहत नसेल? देवानंद हसला. स्क्रीनवर स्वच्छ लिहिलं आहे ना काकाजी, फाइल गहाळ आहे, आता तुम्ही मशीनपेक्षा जास्त शहाणे का? नरहरीभाऊंना राग आला, पण उगाच तोंड उघडण्यात अर्थ नव्हता. पैजेनं सांगण्याएवढं ज्ञान त्यांच्याजवळ नव्हतं. ज्ञान होतं ते घरी, कमलिनीजवळ. ऑफिसात तिच्या टेबलावर हेच विंडोज एनटी होतं आणि तिथली बारीकसारीक दुरुस्ती तीच करायची.

घरी पोचले तर बाहेरच्या खोलीत शकुबाई बसलेली. शकुबाई नंदिनी नगरची, नवरा चुनखडीच्या खाणीत कामाला. कॉम्प्युटर बिघडल्याची बातमी तिथवर गेली होती, आपल्या लोकांत बातमीला बस लागत नाही. ती दोन बस बदलून आली होती आणि पाण्याचा पेला हातात धरून नुसती बसली होती. कमलिनी नुकतीच ऑफिसातून आली होती, तीही समोर बसली होती. नरहरीभाऊंना शकुबाईचा फॉर्म आठवला. म्हणजे तिच्या लेकीचा, एकशे चाळीसच्या आसपासचा. लहानपणी पोलिओ झालेली पोरगी, बी.ए. झालेली, शिवणकाम करणारी. त्यांनी तिला धीर द्यायला सांगितलं की काही नाही, फार तर पुन्हा एकदा लिहून द्यावं लागेल.

"भाऊ, माही पोरगी दुसऱ्यांदा नाही लिवून देणार," शकुबाई म्हणाली. "पाय अधू हाय हे सोताच्या हातानं लिवलं तिनं. लिवून झाल्यावर दोन दिवस जेवली नाही. आता मी तिले कोणत्या तोंडानं सांगू, का बाई, पुन्हा लिव?"

 सिंधुताईंनी आतून डोळे पुसत येऊन तिच्या पदरात मुरमुऱ्याचे लाडू बांधले. शकुबाई शेवटच्या बससाठी निघाली, आणि कमलिनी तिला कोपऱ्यापर्यंत सोडून आली.

ती परत आल्यावर नरहरीभाऊंनी तिला समोर बसवलं. आपल्या हुशारीवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी जानरावची चाळ वगैरे काही काढलं नाही. सरळ विचारलं.

"कमल, ही मशीन सुरू होताना कुठं जाऊन पाहते, ते कुठं लिहिलेलं असते का?"

कमलिनीनं शकुबाईचा रिकामा पेला उचलला, आत नेऊन ठेवला आणि परत येऊन बसली.  नरहरीभाऊंना वाटलं, आपण काहीतरी वेड्यासारखं विचारलं. मग ती म्हणाली की असते, बूट नावाची एक बारकी फाइल असते, तिच्यात एका ओळीत पत्ता लिहिलेला असतो. त्यांनी तो लिहून मागितला. तिनं पेपराच्या कोऱ्या कडेवर लिहून दिला: मल्टी शून्य, डिस्क शून्य, आरडिस्क शून्य, पार्टिशन एक, आणि मग विंडोजच्या घराचं, म्हणजे फोल्डरचं, नाव.

नरहरीभाऊंनी तो कागद हातात घेतला आणि त्यांना हसूच आलं. अरे, हा तर सेक्टर, स्ट्रीट, ब्लॉक, क्वार्टर! जन्मभर त्यांनी दुसरं काय लिहिलं होतं? फक्त एक गोष्ट त्यांना सोसेना, की आधीची सगळी मोजणी शून्यापासून आणि शेवटची तेवढी एकापासून का. कमलिनी म्हणाली की तसंच आहे, डिस्क शून्यापासून मोजतात, पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग, एकापासून. हा नियम करणारा कारकून माझ्या हाताखाली पाहिजे होता, असं नरहरीभाऊ म्हणाले. मग त्यांनी बोट ठेवलं ते शेवटच्या आकड्यावर. देवानंदनं पुढे एक खोली बांधली, आपण झालो दोन नंबर, आणि हा अजून एक नंबराचं दार वाजवून राहिला आहे, असंच ना? कमलिनीनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर त्यांना जो आनंद पाहायचा होता तो नव्हता, पण ते इतके खुश होते की त्यांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

पुढचं सगळं तिनंच केलं. तिनं समजावलं की आपल्या डिस्कवरची ती फाइल बाहेरून उघडता येणार नाही, पण यंत्र सुरू होताना आधी फ्लॉपीत डोकावतं. फ्लॉपीवर सुरुवातीच्या तीन फायली ठेवल्या आणि पत्ता बरोबर लिहून दिला, तर ते तिथून वाचून योग्य दारावर जाईल. आत शिरलो की आतला पत्ताही दुरुस्त करायचा. फक्त ती फ्लॉपी एनटीच्याच मशीनवर फॉरमॅट करावी लागते. बुधवारी तिनं साहेबांना विचारून जेवणाच्या सुटीत ऑफिसात फ्लॉपी तयार केली, दुपारनंतर अर्धी रजा टाकली आणि तीन वाजता उन्हातून घरी आली.

फ्लॉपी आत गेली. करकर, करकर असा आवाज झाला. नरहरीभाऊंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, मागच्या वेळी ज्या जागी गाडी अडली होती ती जागा आली, आणि गेली. पडदा निळा झाला. पांढऱ्या टिंबांची एक रांग सरकायला लागली. मग ठेकेदाराच्या काळापासूनचं ते जुनं चित्र आलं, हिरव्या डोंगराचं, ज्याला सिंधुताई रोज नावं ठेवायच्या.  काहीच गहाळ नव्हतं. सगळं एक भिंत ओलांडून पलीकडे, जिथल्या तिथं होतं.

कमलिनीनं आतली ती बारकी फाइल शोधली, तिचं कुलूप काढलं, दोन ठिकाणी एकाचे दोन केले आणि जतन केलं. फ्लॉपी काढून यंत्र पुन्हा सुरू केलं, तर आता ते आपलं आपण सरळ घरी गेलं. तेवढ्यात चार वाजले आणि देवानंद सीडी घेऊन दारात. त्यानं पडदा पाहिला, कमलिनीनं एका वाक्यात काय झालं ते सांगितलं, आणि त्यानं कपाळाला हात लावला. माणूस चांगला, त्यानं चूक कबूल केली. वर म्हणाला की ताई, ही फ्लॉपी मला एक कॉपी करून द्या. मग चहा पिऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे पळाला.

आता यादी. नरहरीभाऊ खुर्चीवर सरसावून बसले. कमलिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. त्यांना वाटलं की आपला शब्द अजून संपलेला नाही, पुस्तिका छापायची आहे. म्हणून त्यांनी विचारलं की बाई, आता तरी पाहू का?

"पाहा," कमलिनी म्हणाली.

त्यांनी यादी उघडली. खाली कोपऱ्यात एकूण संख्या यायची. ती आली, दोनशे अकरा. नरहरीभाऊंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. दोनशे अकरा फोटो, दोनशे अकरा फॉर्म. मग ते शेवटच्या भागात गेले, जिथं विधवा, विधुर, घटस्फोटित असं लिहून वेगळी नावं दिलेली असायची. आठ नावं होती. एकेक वाचलं. शकुबाईच्या पोरीचं नाव आधीच्या भागात होतं, अपेक्षेच्या रकान्यात फक्त ‘समजूतदार’ एवढाच शब्द. बालाघाटवाले पाहायला आले होते ती ठेंगणी पोरगीही यंदा पुन्हा आली होती, या वेळी बरोबर उंचीसकट. एक नाव तेवढं नव्हतं. कधीच नव्हतं.

"नाही लिहिलं मी, बाबा," कमलिनी मागून म्हणाली. "तुम्ही रोज विचारत होते. म्हणून म्हटलं, लिहिलं. फोटोखाली विधवा असं छापून ते पुस्तक घराघरात जाईल, लोक चहा पिता पिता पानं उलटतील... मले नाही जमत ते." ती चौकट सोडून पुढे आली. "काय बिघडलं ते मले सोमवारीच समजलं होतं."

नरहरीभाऊंना आधी राग आला, सणसणून आला. दोन महिने आपण देवापुढे साखर ठेवून बसलो ती कशासाठी? मग तो राग कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. त्यांनी मनात मोजून पाहिलं. संक्रांत, पाडवा, राखी, दसरा, रोजचं ताट. सात वर्षं ते या पोरीच्या दारावर टकटक करत होते, आणि ती आतून सांगत होती की इथं नाही, तरी ते उद्या पुन्हा येतच होते. तिनं खोटं बोलून दार लावून घेतलं, एवढंच तिच्या हातात होतं. आज चार वाजता देवानंदनं सगळं पुसून टाकलं असतं, तर ते खोटंही पुसलं गेलं असतं. बापाच्या लेखी ती जन्मभर होकार दिलेली लेक राहिली असती. तिला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ती दोन दिवस बसलीही होती. मग ती उठली आणि अर्धी रजा टाकून, उन्हातून, स्वतःचं खोटं उघडं पाडणारी फ्लॉपी हातात घेऊन आली. शकुबाईच्या पोरीसाठी आली. नरहरीभाऊंना लेकीचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की दोन्हीतलं जास्त काय ते त्यांना सांगता आलं नसतं.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थांबला. सिंधुताईंना यंत्र सुरू झाल्याचं कळलं होतं, पण बाहेर येऊन पडद्यावर पाहायची त्यांची हिंमत होत नव्हती. नदीत गठ्ठा सोडला तो आपल्या हातानं, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. त्यांनी आतूनच विचारलं.

"अहो, सापडलं का आपल्या कमलचं नाव?"

नरहरीभाऊंनी मागे वळून पाहिलं. कमलिनी खाली मान घालून उभी होती, पण ती आत निघून गेली नव्हती. सात वर्षांत या विषयाला ती पहिल्यांदाच खोलीत थांबली होती.

"सगळी नावं सापडली," नरहरीभाऊ म्हणाले. "एकही कमी नाही."

आत सिंधुताई रडायला लागल्या, मोकळं, दोन दिवसांचं. नरहरीभाऊंनी हलक्या आवाजात लेकीला सांगितलं की मी आता विचारणार नाही, तुले कधी वाटलं तर तूच सांगजो. कमलिनी बाजूची खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली आणि तिनं प्रिंटरला कागद लावला. एकेक पान बाहेर यायला लागलं, ते नरहरीभाऊ घेऊन नंबरानं लावत होते. पुस्तिका छापून यायला दहा दिवस होते. सिंधुताईंना कसं सांगायचं ते तेवढ्या दिवसांत दोघांनी मिळून ठरवायचं होतं.